लॅपटॉप मध्येच गोठतो आणि आपोआप रीस्टार्ट होतो: रॅम, एसएसडी की खरंच मदरबोर्ड?

अबोली२२

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते, म्हणजे उलट प्रश्न कमी विचारावे लागतील.

लॅपटॉप २०१९ चा. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह (८२६५यू), ४ जीबी रॅम बोर्डावरच, ८ जीबीची पट्टी नंतर टाकलेली, २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज ११.

काय होतं: काम करताना किंवा नुसता उघडा ठेवलेला असताना अचानक गोठतो. माउसचा बाण हलतो, ब्राउझरमध्ये आधीच उघडलेलं पान वरखाली सरकवता येतं, पण नवीन काहीही उघडत नाही. स्टार्ट बटण दाबलं तर प्रतिसाद नाही. अर्ध्या-एक मिनिटाने घड्याळही थांबतं. मग कधी निळा पडदा येतो, त्यावर टक्केवारी ०% वरच अडकते आणि लॅपटॉप रीस्टार्ट होतो. कधी निळा पडदा न दिसताच रीस्टार्ट. दोन-तीनदा रीस्टार्टनंतर काळ्या पडद्यावर ‘नो बूट डिव्हाइस’ असं आलं. पॉवर बटण दाबून पूर्ण बंद करून परत चालू केला की नीट सुरू होतो. बॅटरीवर असताना हे जास्त होतं असं वाटतं, पण खात्री नाही.

आतापर्यंत केलेले उपाय: फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकलं, व्हायरस स्कॅन झालं, दुकानात पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलून घेतली. तापमान ६० च्या आसपास असतानाही गोठतो. दुकानदार म्हणतात मदरबोर्ड बदलावा लागेल. त्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल? यात टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा आहे, म्हणून घाई करायची नाहीये.

---

निळापडदा

मदरबोर्डचे पैसे अजिबात देऊ नका, निदान आत्ता तरी नाही. तुम्ही लक्षणं इतकी नीट टिपली आहेत की बरंचसं निदान त्यातच आहे.

गोठण्याचे प्रकार वेगळे असतात आणि प्रत्येकाचं मूळ वेगळं असतं. पुढच्या वेळी गोठला की लगेच पॉवर बटण दाबू नका. आधी बाण हलतो का, कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का, आवाज चालू असेल तर पुढे जातो की एकाच जागी टर्रर्र करत अडकतो, हे पाहा. शेवटी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा लुकलुकतो आणि बारीक ‘बीप’ ऐकू येते.

बाण मेला, कॅप्स लॉकचा दिवा मेला, आवाज एकाच तुकड्यावर अडकला, तर प्रोसेसरच थांबलेला असतो. आवाजाच्या बफरमध्ये शेवटचा जो तुकडा उरला तोच वाजत राहतो. अशा वेळी रॅम, प्रोसेसरचा वीजपुरवठा, बोर्ड, किंवा एखादा फार खोलवर काम करणारा ड्रायव्हर यांच्यावर संशय घ्यायचा.

पडदा गोठला किंवा काळा झाला, पण कॅप्स लॉक चालतो आणि गाणंही पुढे जातंय, तर भानगड ग्राफिक्सची किंवा पडद्याच्या केबलची. वरची चार बटणं दाबून चित्र परत आलं तर ड्रायव्हर धरा.

काहीच न गोठता फटकन बंद पडला, म्हणजे वीज किंवा अतिउष्णता. आणखी एक लक्षात ठेवा: फार तापलेला लॅपटॉप आधी मंद होतो आणि मग बंद पडतो. स्वतःहून लगेच परत सुरू होणं हे उष्णतेचं सहसा लक्षण नाही.

राहिला तुमचा प्रकार. बाण हलतो, उघडलेलं पान सरकतं, नवीन काही उघडत नाही. म्हणजे प्रोसेसर चालू आहे, रॅममध्ये जे आधीच आहे ते चालतंय, पण एसएसडीवरून काही आणायला गेलं की उत्तर येत नाही. विंडोज वाट पाहतं. मग विंडोजच्या एखाद्या महत्त्वाच्या प्रोसेसला (आत चालू असलेल्या प्रोग्रॅमला) लागणारा कोड एसएसडीवरून मिळत नाही, ती प्रोसेस मरते आणि निळा पडदा येतो. त्यावर बहुतेक ‘क्रिटिकल प्रोसेस डाइड’ किंवा ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ लिहिलेलं असेल. आता ०% चं कोडं सुटतं: ती टक्केवारी म्हणजे मेमरीची नोंद एसएसडीवर लिहिण्याची प्रगती. एसएसडीच गायब असेल तर लिहिणार कुठे? आणि नुसत्या रीस्टार्टमध्ये एसएसडीची वीज पूर्ण जात नाही, म्हणून ती अडकलेलीच राहते आणि ‘नो बूट डिव्हाइस’ येतं. पूर्ण बंद केलं की वीज तुटते, ती जागी होते.

आता पुरावा गोळा करा. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा, विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. त्यात ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दर वेळी असेलच. तिचा अर्थ एवढाच की लॅपटॉप नीट बंद न होता सुरू झाला. तिच्यावरून ‘पॉवर सप्लाय खराब’ असा निष्कर्ष काढू नका, नेटवर हा गैरसमज फार पसरलाय. त्या नोंदीच्या डिटेल्स टॅबमध्ये ‘बगचेककोड’ पाहा. तो दशमान पद्धतीत असतो:

२३९: महत्त्वाची प्रोसेस मेली
१२२: मेमरीचं पान (पेज) डिस्कवरून वाचता आलं नाही
२९२: हार्डवेअरने स्वतः कळवलेली गंभीर चूक
२७८: ग्राफिक्स ड्रायव्हर सावरला नाही
१५९: एखादा ड्रायव्हर झोपेत जाताना किंवा उठताना अडकला
२६: मेमरी व्यवस्थापनातली चूक, इथे रॅम आधी तपासा
०: काहीच लिहून ठेवता आलं नाही

तिथेच ‘पॉवरबटनटाइमस्टॅम्प’ असतो. तो शून्य नसेल तर पॉवर बटण दाबून धरून बंद केल्याची ती नोंद आहे, ती मोजू नका.

मग ४१ च्या आधीच्या नोंदी बघा. सोर्समध्ये ‘स्टोरएनव्हीएमई’ किंवा इंटेलच्या स्टोरेज ड्रायव्हरचं नाव आणि क्रमांक १२९ दिसला तर तो ‘डिव्हाइसला रीसेट पाठवला’ असा निरोप आहे. ‘डिस्क’ सोर्सचे ७, ५१ आणि १५३ हेही टिपून ठेवा. ‘व्ही’ नव्हे, ‘डब्ल्यू’ने सुरू होणारा व्हिया-लॉगर (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा) दिसला तर क्रमांक १७, १८ की १९ ते लिहा. एक मात्र ध्यानात असू द्या: एसएसडी पूर्ण गायब झाली तर त्या क्षणाची नोंद लॉगमध्ये सापडणारच नाही, कारण लॉगही तिच्यावरच लिहिला जातो. त्यामुळे गोठण्याच्या वेळी लॉग कोरा असणं हाही पुरावाच.

---

आडकित्ता

वरच्या निदानाशी सहमत, पण नंतर टाकलेली ८ जीबीची पट्टी तपासल्याशिवाय तिला निर्दोष ठरवू नका. खराब रॅम कुठलंही सोंग घेते. चुकीचा डेटा एसएसडीवर लिहिला जातो आणि दोष एसएसडीवर येतो.

मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून बूट करा आणि चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. १२ जीबीला काही तास लागतात, रात्री लावून ठेवा, चार्जर जोडलेला असू द्या. विंडोजमधली मेमरी तपासणी वरवरची आहे. ती ‘ठीक’ म्हणाली म्हणून समाधान मानू नका. इथे एकही एरर चालत नाही. ‘फक्त दोनच आल्या’ असं नसतं.

एरर आल्या तर: लॅपटॉप बंद, चार्जर काढा, मागचं झाकण उघडा, आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. मग बाजूच्या दोन्ही क्लिपा एकदम बाहेर ढकला, पट्टी वर उडते. सोनेरी कडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. खोडरबर घासायची सवय अनेकांना आहे. त्याने सोनेरी थर झिजतो आणि भुगा स्लॉटमध्ये पडून नवीनच दुखणं लागतं. पट्टी परत बसवताना तिरकी पूर्ण आत सरकवून मग खाली दाबा. सोनेरी कडा बाहेर दिसत असेल तर ती नीट बसलेली नाही.

पट्टी काढून नुसत्या ४ जीबीवर परत चाचणी घ्या. तरीही एरर येत असतील तर बोर्डावरची रॅम गेलीय, आणि ते काम चिप बदलणाऱ्याचं. पट्टी एकटीच दोषी निघाली तर स्वस्तात सुटलात. नवीन घेताना डीडीआर४, २६० पिनांची, १.२ व्होल्टची, लॅपटॉपची. दुकानात मॉडेल नंबर दाखवून घ्या.

कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर पावसाळ्यानंतर हे कनेक्टर पुसणं वर्षातून एकदा करावंच. खाऱ्या दमट हवेने रॅमच्या आणि एसएसडीच्या कडांवर बुरशीसारखा थर चढतो, तो डोळ्यांना धड दिसतही नाही.

---

तापकीर_गल्ली

बोर्डाच्या बाजूने थोडं सांगतो.

पहिलं म्हणजे बॅटरी. टचपॅड वर उचललेला वाटतोय का, बटण दाबायला कडक झालंय का, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो का? यातलं काही असेल तर बॅटरी फुगली आहे. बाकी सगळ्या चाचण्या बाजूला ठेवा, चार्जर काढा आणि बॅटरी बाहेर काढून घ्या. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची.

फुगलेली नसेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये बॅटरी रिपोर्ट काढा (पॉवरसीएफजी, मध्ये जागा, तिरकी रेघ, बॅटरीरिपोर्ट, अर्थात रोमन अक्षरांत). एचटीएमएल फाइल तयार होते. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ ताडून पाहा. निम्म्यावर आली असेल तर प्रोसेसरने जोर लावला की बॅटरीचं व्होल्टेज खाली बसतं आणि लॅपटॉप ३०-४० टक्के चार्ज दाखवत असतानाच फटकन जातो. पण त्यात गोठणं नसतं, सरळ अंधार होतो. तुमच्या लक्षणाशी ते जुळत नाही, म्हणून मी बॅटरी दुय्यम धरतो.

दुसरं अ‍ॅडॉप्टर. मागच्या लेबलवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा. १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॅट, २.३१ अँपिअर असेल तर ४५ वॅट. ६५ च्या जागी ४५ चा लावला तर लॅपटॉप मंद होतो किंवा चार्ज होत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक सुई असते, ती ‘मी अमुक वॅटचा आहे’ हे सांगते. ती वाकली किंवा स्वस्तातल्या अ‍ॅडॉप्टरमध्ये नसली तर प्रोसेसर मुद्दाम कमी वेगावर ठेवला जातो. गोगलगाय झालेल्या लॅपटॉपचं हे फार वेळा कारण असतं.

तिसरं, बोर्ड वाकल्याने गोठतो का ते पाहा. चालू असताना एका हाताने एका कोपऱ्याला धरून किंचित उचला, मग दुसऱ्या कोपऱ्याला. पडदा हळू उघड-बंद करा. ठराविक जागी दाब आला की गोठत असेल तर तुटलेलं बिजागर बोर्डाला ताणतंय, स्क्रू गायब आहे, किंवा लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेलाय. पेस्ट बदलताना झाकण उघडलं गेलंय ना? मग स्क्रूंची लांबी आणि जागा जरूर तपासा. आणि त्याच वेळी एसएसडीचा एकुलता एक स्क्रू घट्ट आहे का तेही बघा.

कुणी ‘हीट गनने बोर्ड शेकून देतो’ म्हणालं तर नको म्हणा. चिपखालचे तडकलेले जोड काही आठवडे चिकटतात, मग परत सुटतात, आणि शेजारचे चांगले भागही भाजून निघतात. बोर्डाचं काम करायचंच झालं तर बिघाड कुठल्या भागात आहे आणि मोजमाप काय आलं, हे सांगणाऱ्याकडेच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत असे कारागीर आहेत. ‘बोर्ड गेला’ एवढंच सांगितलं तर ते निदान नव्हे.

---

पेंग्विन_पुणेकर

विंडोज, ड्रायव्हर वगैरे सगळं एका फटक्यात बाजूला करणारी चाचणी सांगतो, आणि या केससाठी ती नेमकी आहे.

८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार, विंडोजऐवजी चालणारी सिस्टिम) टाका, त्यावरून बूट करा आणि ‘ट्राय’ निवडा. इन्स्टॉल करू नका. आता पूर्ण सिस्टिम पेनड्राइव्ह आणि रॅमवर चालते, त्यामुळे एसएसडी मेली तरी लॅपटॉप गोठणार नाही आणि तुम्हाला ती मरताना बघता येईल. टर्मिनल उघडून कर्नलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) लॉग सतत दिसेल असा ठेवा: ‘सुडो डीमेसग -डब्ल्यू’, रोमन लिपीत, डब्ल्यू लहान अक्षरात. चार्जर काढा आणि लॅपटॉप नुसता पडू द्या, फक्त झोपू देऊ नका. एसएसडीला पूर्ण विसावा मिळायला हवा. मध्येच ‘डिस्क्स’ उघडून ती यादीत आहे का पाहत जा.

‘एनव्हीएमई: कंट्रोलर इज डाउन; विल रीसेट’ अशी ओळ आली आणि तिच्यापुढे सगळे ‘एफ’ दिसले, तर बसवर (प्रोसेसर आणि एसएसडी यांच्यातल्या जोडणीवर) विचारणा केली पण समोरून कुणी बोललंच नाही, असा त्याचा अर्थ. म्हणजे एसएसडीचा कंट्रोलर झोपला आणि उठला नाही, किंवा तिची वीज अथवा जोडणी तुटली.

हीच चाचणी दुसऱ्यांदा घ्या, पण या वेळी एपीएसटी (एसएसडी रिकामी असताना आपोआप खालच्या ऊर्जा पातळीवर जाते ती सोय) बंद करणारा कर्नल पॅरामीटर देऊन. ग्रबमध्ये (उबुंटूच्या बूट मेनूत) ‘ई’ दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी लिहायचा: ‘एनव्हीएमई_कोअर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०’. आता तासन्‌तास टिकली तर दोष त्या झोपेतच आहे. तरीही गेली तर कनेक्टर किंवा चिप.

उलट लाइव्ह उबुंटूतही आख्खा लॅपटॉप दगडासारखा गोठला, बाणासकट, तर एसएसडी सोडा आणि आडकित्ता यांनी सांगितलेल्या वाटेने रॅमकडे जा.

---

अबोली२२

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलेल्या क्रमाने करून पाहिलं, निकाल असे:

बॅटरी फुगलेली नाही. फुल चार्ज कपॅसिटी मूळच्या साधारण ७० टक्के आहे. कोपरे उचलून, पडदा हलवून काही फरक नाही.

मेमटेस्ट८६ च्या चारही फेऱ्या, शून्य एरर.

इव्हेंट ४१ मध्ये बहुतेक ठिकाणी बगचेककोड ०, एका ठिकाणी २३९. मिनिडंप फोल्डर (निळ्या पडद्याच्या वेळची मेमरीची नोंद जिथे साठते ते) रिकामं. १२९ च्या नोंदी मात्र भरपूर, स्टोरएनव्हीएमईच्या; पण त्या गोठून रीस्टार्ट झालेल्या वेळांच्या नाहीत, इतर वेळच्या आहेत. व्हिया-लॉगर नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फो (एसएसडीची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) एसएसडीला ‘गुड ९४%’ म्हणतं. मीडिया एरर ०. अनसेफ शटडाउन्सचा (नीट बंद न होता वीज गेल्याचा) आकडा खूप मोठा. तापमान ४५.

लाइव्ह उबुंटू: चार्जर काढून नुसता ठेवला तर ‘कंट्रोलर इज डाउन’ आलं आणि डिस्क्समधून एसएसडी गायब. उबुंटू स्वतः मस्त चालू होतं. तो पॅरामीटर देऊन रात्रभर ठेवलं तर काही झालं नाही.

‘गुड’ असताना असं कसं होतं? आणि आता पुढे काय?

---

निळापडदा

उत्तम काम केलंत. आता शंकेला फारशी जागा नाही.

‘गुड ९४%’ म्हणजे साठवणाऱ्या पेशींची ६ टक्के झीज झाली आणि वाचलेला डेटा बरोबर येतोय, एवढंच. कंट्रोलर झोपेतून उठतो की नाही, हे त्या टक्केवारीत मोजलंच जात नाही. म्हणून मीडिया एरर शून्य आणि अनसेफ शटडाउन भरमसाट, हे चित्र तुमच्या बिघाडाशी तंतोतंत जुळतं. १२९ च्या वेळा वेगळ्या का, तेही सरळ आहे: त्या वेळी रीसेट पाठवल्यावर एसएसडी उठली, तुम्हाला काही सेकंदांचा अडथळा जाणवला असेल, आणि नोंद लिहिता आली. जेव्हा उठली नाही तेव्हा नोंदच नाही.

बॅटरीवर जास्त होण्याचं कारणही यातच आहे. विंडोजच्या ‘बॅलन्स्ड’ योजनेत पीसीआय एक्सप्रेसच्या जोडणीची वीजबचत चार्जरवर मध्यम आणि बॅटरीवर जास्तीत जास्त ठेवलेली असते.

आता क्रम असा ठेवा, उलटसुलट करू नका.

आधी टॅली बंद करून तिचं पूर्ण डेटा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि दुसऱ्या संगणकावर ते उघडतंय का ते बघा. न उघडून पाहिलेला बॅकअप धरू नये. हे करताना चार्जर जोडलेला असू द्या.

मग सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते पाहा. विंडोज ११ मध्ये तो अनेकदा न विचारता चालू झालेला असतो. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून घेऊन कागदावर लिहून ठेवा. बायोस (लॅपटॉप सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेटनंतर ती मागितली गेली आणि नसली, तर चांगल्या एसएसडीवरचा डेटाही हाती लागत नाही.

तिसरं, एसएसडी काढून कडा पुसून परत बसवा. बॅटरीचा कनेक्टर आधी सोडवायचा, हे आडकित्ता यांनी सांगितलंच आहे. स्क्रू काढला की ती स्वतः तिरकी वर येते; त्याच कोनात ओढा. परत बसवून स्क्रू बोटाच्या जोराने घट्ट करा, पिळू नका.

चौथं, फर्मवेअर, म्हणजे एसएसडीच्या आतलं सॉफ्टवेअर. एसएसडी बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं. लॅपटॉपसोबत आलेल्या एसएसडीचं फर्मवेअर मात्र बऱ्याचदा लॅपटॉप कंपनीच्या साइटवरच मिळतं. झोपेतून न उठण्याचे दोष बऱ्याच मॉडेल्समध्ये फर्मवेअरने दुरुस्त झाले आहेत. पाठोपाठ बायोस. दोन्ही वेळी चार्जर लावलेला आणि बॅकअप झालेला.

पाचवं, वीजबचत. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चेंज अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज, पीसीआय एक्सप्रेस, लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट, दोन्हीकडे ‘ऑफ’. नव्या धाटणीची झोप (मॉडर्न स्टँडबाय) असलेल्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून रोमन लिपीत: ‘पॉवरसीएफजी /सेटडीसीव्हॅल्यूइंडेक्स स्कीम_करंट सब_पीसीआयएक्सप्रेस एएसपीएम ०’. चार्जरसाठी डीसीच्या जागी एसी घालून तीच ओळ, आणि शेवटी ‘पॉवरसीएफजी /सेटअ‍ॅक्टिव्ह स्कीम_करंट’. बॅटरी थोडी कमी टिकेल.

एक धोक्याची सूचना. काही ठिकाणी ‘बायोसमध्ये रेडवरून एएचसीआयवर जा’ (म्हणजे डिस्क हाताळण्याची पद्धत बदला) असा सल्ला दिसेल. तुमच्याकडे स्टोरएनव्हीएमई आहे, म्हणजे त्याची गरजच नाही. आणि तयारीशिवाय ते बदललं तर विंडोज ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ दाखवून उघडणारच नाही.

---

तापकीर_गल्ली

यात माझी एक भर. स्लॉट दोषी की एसएसडी, हे पैसे खर्च करण्याआधी ठरवता येतं. कुणाकडून तरी दुसरी एनव्हीएमई एसएसडी काही दिवस मागून आणा आणि त्याच स्लॉटमध्ये लावा. तीही गायब झाली तर स्लॉट किंवा त्याचा ३.३ व्होल्टचा पुरवठा. मग दुकानदाराचं म्हणणं खरं. नाही झाली तर बोर्ड निर्दोष. तुमच्या लॅपटॉपमध्ये २.५ इंची साटा डिस्कची जागा रिकामी असेल तर बोर्ड खराब निघाला तरी तो बदलायची गरज नाही. एम.२ (म्हणजे ही एनव्हीएमई एसएसडी) काढून टाका, साटा एसएसडीवर विंडोज ठेवा. वेग कमी मिळतो, पण टॅलीसारख्या कामात फारसा जाणवत नाही.

---

अबोली२२

स्क्रू खरंच सैल होता, कडाही पुसल्या. फर्मवेअर आणि बायोस दोन्ही झाले, लिंक स्टेट ऑफ केलं. गोठणं थांबलंय, पण १२९ ची नोंद अजून अधूनमधून येते. नवीन एसएसडी घ्यावी का? घेतली तर कोणत्या प्रकारची, आणि विंडोज जसंच्या तसं कसं हलवायचं?

---

पेंग्विन_पुणेकर

१२९ अजून येत असेल तर घ्याच. हिशोबाचं मशीन अशा एसएसडीवर ठेवू नये.

एम.२ २२८० (२२ मिमी रुंद, ८० मिमी लांब), एम-की (कडेवरच्या खाचेचा प्रकार), एनव्हीएमई, आणि एका बाजूलाच चिप असलेली. दोन्ही बाजूंना चिप असलेली पातळ लॅपटॉपमध्ये झाकणाला टेकते. तुमचा स्लॉट तिसऱ्या पिढीचा पीसीआय एक्सप्रेस आहे. चौथ्या पिढीची एसएसडी त्यात चालते, फक्त तिसऱ्याच्या वेगाने. म्हणून वेगाच्या जाहिरातीसाठी जादा पैसे देऊ नका, त्यापेक्षा ५ वर्षांची वॉरंटी बघा. ५०० जीबी घ्या, जुनीपेक्षा लहान तर नकोच, क्लोन (डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करताना अडचण येते.

यूएसबीला लावायचं एनव्हीएमईचं एनक्लोजर (एसएसडी बाहेरून जोडायची डबी) आणा. त्यात साटा एम.२ चं वेगळं येतं, खोक्यावर एनव्हीएमई लिहिलेलं पाहून घ्या. नवीन एसएसडी त्यात बसवा, क्लोनझिलाच्या (क्लोन करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पेनड्राइव्हवरून बूट करा आणि डिस्क टू डिस्क निवडा. क्लोनझिलाही लिनक्सवरच चालतं, तेव्हा बूट मेनूत ‘ई’ दाबून एपीएसटीचा तोच पॅरामीटर इथेही द्या, नाहीतर कॉपी चालू असताना जुनी एसएसडी झोपेल. कुठली डिस्क मूळ आणि कुठली नवीन, हे क्षमतेवरून दोनदा वाचा: एकीकडे २५६, दुसरीकडे ५००. उलट झालं तर रिकामी डिस्क तुमच्या डेटावर लिहिली जाते. बिटलॉकर चालू असेल तर आधी विंडोजमध्ये तो पूर्ण बंद करून डिक्रिप्शन संपेपर्यंत थांबा.

क्लोन झाल्यावर जुनी काढून नवीन आत लावा. दोन्ही एकाच वेळी जोडून विंडोज सुरू करू नका, दोघींची ओळख क्रमांकासकट सारखीच असते आणि विंडोज गोंधळतं. उरलेली जागा डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्हला जोडायची. मध्ये रिकव्हरीचं पार्टिशन आडवं आलं तर एक्स्टेंडचा पर्याय राखाडी दिसेल, तेव्हा ते पार्टिशन शेवटी सरकवावं लागतं. जीपार्टेड या पार्टिशनच्या प्रोग्रॅमने होतं. मग लिंक स्टेटचं सेटिंग परत मूळच्या जागी ठेवून बॅटरीवर नुसता पडू द्या आणि १२९ येते का बघा. न आल्यास बचत चालू ठेवायला हरकत नाही. टॅली नव्या एसएसडीवर बरोबर उघडेपर्यंत जुनी पुसू नका.